सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड का सापडत नाही?

गडकिल्ले फिरणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हणतात, मग त्याचं तोंड कुठे आहे? काही जण लोणारकडे बोट दाखवतात. लोणारचं सरोवर म्हणजे ज्वालामुखीचं विवर, असं बराच काळ जाणकारही मानत होते. १९७०च्या दशकात तिथल्या खडकात जबरदस्त आघातानेच बनू शकते अशी काच ओळखली गेली आणि ते विवर उल्कापाताचं ठरलं.

खरं तर तसं एकच तोंड नव्हतंच. कळसूबाई हा काही थंडावलेला ज्वालामुखी नाही. लाव्हाचे थर साचून झालेलं पठार पावसापाण्याने कोरलं गेलं, त्यातून उरलेलं ते शिखर आहे.

आपल्या पायाखाली सगळीकडे वितळलेला रस खदखदतो, ही समजूतही सोडायला हवी. खोलवरचा तप्त खडक बहुतांशी घनच असतो. तो वर सरकला की दाब कमी होतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. दुसरी वाट अशी: एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, दुसऱ्याखाली शिरताना पाणी सोबत नेतो आणि त्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो. हा दुसरा रस बहुधा सिलिकाने, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याने, घट्ट असतो, त्यात वायू कोंडतात आणि मग स्फोट होतो. इंडोनेशियातला १८८३चा क्राकाटाऊचा उद्रेक तसा. अंदमानातलं, १९९१ साली पुन्हा जागं झालेलं बॅरन बेटही अशाच पट्ट्यावर आहे.

दख्खनचा लाव्हा पहिल्या वाटेचा, पातळ बेसाल्टचा, म्हणजे गोठल्यावर काळा फत्तर होतो त्या रसाचा. असा लाव्हा हवाईत ठरावीक ठिकाणांहून वाहत राहिला आणि ढालीसारखे पसरट डोंगर झाले. इथे मात्र जमीनच लांबच लांब चिरली. माणसांनी पाहिलेलं याचं छोटं रूप म्हणजे आइसलँडमधला १७८३चा लाकी उद्रेक. सुमारे २७ किलोमीटरच्या भेगेतून आठ महिने लाव्हा येत राहिला. विषारी वायूंनी कुरणं नासली, गुरं मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात बेटावरची जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. दख्खनचा पसारा त्याच्या कितीतरी पट मोठा: आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. काही प्रवाह थेट राजमहेंद्रीपर्यंत पोचले. भेगांत गोठलेला बेसाल्ट धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारखा उभा दिसतो. मूळ उष्णता कुठली? बहुतेक अभ्यासकांच्या मते, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त उगमावरून भारत तेव्हा सरकत होता.

हे उलगडायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. १८३३ साली कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या आडव्या थरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे नागपूरजवळ टाकळी इथे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांना लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शंख आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. मला हा शोध सगळ्यात मोलाचा वाटतो. दोन उद्रेकांमध्ये तळी साचली, झाडं वाढली, एवढी उसंत होती हे त्यातून कळलं.

घाटातल्या रस्त्याच्या कापात ही उसंत डोळ्यांनी दिसते. खाली काळा, टणक फत्तर. त्यावर विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला. मग हातभर लाल मातीचा पट्टा, आणि वर पुन्हा काळा फत्तर. लाल पट्टा म्हणजे पुढचा लाव्हा येण्याआधी उघड्यावर राहिलेली जमीन.

१९८०च्या दशकात रासायनिक घडणीवरून थरांची क्रमवारी लागली आणि इगतपुरी, भीमाशंकर, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपली नावं जगभरच्या शोधनिबंधांत गेली. त्याच सुमारास डायनोसॉर कशाने संपले हा वाद पेटला: मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला आदळलेल्या अशनीने, की दख्खनच्या वायूंनी?

२०१९ साली दोन गटांनी नेमक्या वयाची मोजमापं मांडली. एकाने लाल पट्ट्यांत सापडणारे झिरकॉन या खनिजाचे कण तपासले, दुसऱ्याने लाव्हातलेच स्फटिक. मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आत उरकले, यावर दोघांचं एकमत आहे. पण पहिल्याच्या मते लाव्हाचा एक मोठा लोंढा अशनी आदळण्याआधी काही दशसहस्र वर्षं आला, तर दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा त्यानंतरचा. हा वाद अजून मिटलेला नाही.