ओळखीचा विषय, अनोळखी शब्द

समजा, कुणी तुम्हाला एक उतारा ऐकवला. त्यात म्हटलंय की काम अगदी सोपं आहे. आधी वस्तूंचे गट पाडायचे, एका वेळी फार वस्तू घ्यायच्या नाहीत, चूक झाली तर महागात पडते, आणि सगळं उरकलं तरी काही दिवसांनी पुन्हा तेच चक्र सुरू करावं लागतं. एकही शब्द अवघड नाही, तरी नेमकं काय चाललंय ते कळत नाही. मग कुणी सांगतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे, आणि प्रत्येक वाक्य जागेवर बसतं.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली अशाच एका उताऱ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना विषय आधीच सांगितला होता, त्यांच्या लक्षात इतरांच्या साधारण दुप्पट मजकूर राहिला. उतारा संपल्यावर विषय सांगितला, तेव्हा मात्र काहीच फायदा झाला नाही. आणि ही सगळी माणसं स्वतःच्या भाषेतला उतारा ऐकत होती! परक्या भाषेत वाचणाऱ्याला विषयाची ओळख किती लागत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

इंग्रजी शिकण्यासाठी वाचायला घेताना आपण भाषा सोपी आहे की अवघड, एवढंच बघतो. विषय आपल्या ओळखीचा आहे का, हे सहसा बघत नाही. कॉलेजच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे असा विषय आयताच असतो: कॉलेजची सुरुवात. नवी खोली, नवं वेळापत्रक, अनोळखी चेहरे, आपल्याला झेपेल का ही धाकधूक. हे सगळं इंग्रजीत वाचण्याआधीच मनात चालू असतं. त्यामुळे वाक्यातला एखादा शब्द अडला तरी गोष्ट अडत नाही, आणि त्या अडलेल्या शब्दाकडे बघायला मेंदूला उसंत मिळते.

ही उसंत किती कमी असते, ते आकड्यांतून दिसतं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने २००० साली एका गोष्टीतले काही शब्द बदलून तिथे निरर्थक शब्द घातले आणि किती शब्द हरवले की समज ढासळते ते पाहिलं. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं असेल तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे ५० शब्दांत अनोळखी शब्द फक्त एक, साधारण चार-पाच ओळींमागे एक. पाच शब्दांपैकी एक अनोळखी असला, तर कुणालाच पुरेसं समजलं नाही. इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र ९८ टक्क्यांच्या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, असं नेशन यांनी २००६ मध्ये मांडलं. शब्दकुटुंब म्हणजे ‘एज्युकेट’, ‘एज्युकेशन’, ‘एज्युकेटर’ असा एका मुळातून आलेला गोतावळा.

शिकणाऱ्याकडे इतकी कुटुंबं कुठून असणार? इथे एकाच विषयाला धरून वाचण्याचा उपयोग होतो. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन हे १९८० च्या दशकापासून सांगत आले आहेत: सुरुवातीला थोडं इकडचं, थोडं तिकडचं वाचण्यापेक्षा एका विषयावरचं किंवा एका लेखकाचं बरंच काही वाचावं. कारण सरळ आहे. कुठल्याही भाषेत मूठभर शब्द सतत येतात आणि बाकीचे हजारो शब्द क्वचित. इंग्रजीत ‘द’ हा एकच शब्द शंभर शब्दांत सहा-सात वेळा येतो, तर ‘डेडलाइन’ कित्येक पानांवर एकदाही दिसत नाही. आज हवामानावर, उद्या क्रिकेटवर आणि परवा बँकेवर वाचलं, तर प्रत्येक विरळ शब्द एकदा भेटतो आणि निघून जातो. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरलं जातं ते पहिल्या काही तासांत, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी त्याला आवर घालते. कॉलेजच्या सुरुवातीवरचे चार लेख ओळीने वाचले, तर ‘असाइनमेंट’, ‘रूममेट’, ‘रजिस्टर’, ‘ओव्हरव्हेल्म्ड’ हे शब्द विसरण्याआधीच परत भेटतात. पहिला लेख रडतखडत होतो, चौथा बराच सुरळीत.

शब्दकोशाला हात न लावता शब्द खरंच कळतात का? १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकांना एक कादंबरी दिली. तिच्या लेखकाने रशियनवरून घडवलेले कितीतरी शब्द तिच्यात पेरलेले होते. पुढे शब्दांची परीक्षा आहे, हे वाचकांना सांगितलं नव्हतं. वाचून झाल्यावर विचारलं, तर सरासरीने विचारलेल्या शब्दांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास शब्दांचे अर्थ त्यांना पर्यायांतून बरोबर ओळखता आले. जे शब्द वारंवार आले होते, ते जास्त जणांना कळले. मात्र या वाचकांना भोवतालचे बाकी सगळे शब्द येत होते, हे विसरून चालणार नाही. पुन्हा तोच ९८ टक्क्यांचा मुद्दा.

अंदाज फसतोही. अमेरिकी कॉलेजवरच्या मजकुरात ‘ट्यूशन’ दिसलं की आपल्याला खासगी शिकवणी आठवते, तिथे मात्र त्याचा अर्थ शिक्षणाची फी असा असतो. ‘ऑफिस अवर्स’ म्हणजे कार्यालय उघडं असण्याची वेळ नव्हे, तर विद्यार्थ्यांनी शंका घेऊन यावं म्हणून प्राध्यापकांनी राखून ठेवलेली वेळ. असे ओळखीचा चेहरा घेऊन येणारे शब्द मला अनोळखी शब्दांपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात, कारण त्यांच्यापाशी आपण थांबतच नाही. ते कोशात बघावेत.

काही शब्द मात्र आपले दूरचे नातलग निघतात. ‘सेमिस्टर’ लॅटिनमधल्या ‘सहा’ आणि ‘महिना’ या दोन शब्दांच्या जोडातून आला आहे. ते दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘षष्’ आणि ‘मास’ यांचे भाऊबंद. म्हणजे ‘सेमिस्टर’ आणि आपला ‘षाण्मासिक’ ही एकाच घराण्याची मुलं. ‘सिलॅबस’ची गोष्ट वेगळीच आहे. सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातल्या छापील प्रतींमध्ये एका ग्रीक शब्दाची अक्षरं चुकली आणि त्या चुकीतून हा शब्द जन्माला आला. अशी गोष्ट कळली की शब्द मनात रुतून बसतो.

आता व्याकरण. विषय आपल्याबरोबर फक्त शब्द आणत नाही, तो स्वतःचं व्याकरणही आणतो. पाककृतीत आज्ञार्थ येणारच, बातमीत भूतकाळ येणारच. कॉलेजच्या सुरुवातीवर लिहिणारा माणूस दोन आयुष्यांच्या मध्ये उभा असतो, त्यामुळे त्याच्या लिहिण्यात ‘यूज्ड टू’ आल्याशिवाय राहत नाही, आणि तेही दोन प्रकारे. ‘आय यूज्ड टू लिव्ह विथ माय पेरेंट्स’ म्हणजे मी आईवडिलांबरोबर राहायचो. ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू लिव्हिंग अलोन’ म्हणजे मला एकटं राहण्याची सवय होतेय. पहिल्यात ‘लिव्ह’, दुसऱ्यात ‘लिव्हिंग’. व्याकरणाच्या पुस्तकात या दोन रचना शेजारी ठेवून फरक पाठ करायला लावतात आणि मुलांचा गोंधळ उडतो. मराठीत तो उडत नाही, कारण ‘राहायचो’ आणि ‘राहण्याची’ यांत आपण कधी गल्लत करत नाही. ‘राहायचो’ हे जुन्या सवयीचं क्रियापद आहे, तर ‘राहणं’ हे नाम झालं आहे आणि त्याला ‘ची’ लागला आहे. दुसऱ्या इंग्रजी वाक्यातला ‘टू’ त्या ‘ची’चंच काम करतो आणि ‘लिव्हिंग’ हे तिथलं ‘राहणं’. घर सोडून आलेल्या मुलाच्या मजकुरात या दोन्ही रचना आपापल्या कामासाठी येतात. आधी असं असायचं, आता अशी सवय होतेय. अर्थ आधी कळतो आणि रूप त्याला चिकटतं.

तीच गोष्ट ‘हँड इन’, ‘साइन अप’, ‘ड्रॉप आउट’, ‘कॅच अप’ या जोडक्रियापदांची. त्यांचे अर्थ तुकडे करून लागत नाहीत. यात नवल नाही. आपणही ‘करून टाक’ म्हणतो तेव्हा काही फेकायचं नसतं, आणि ‘काय होऊन बसलं हे’ म्हणताना कुणी बसलेलं नसतं. मराठी शिकणारा परका माणूस त्यावर असाच अडखळत असणार. ‘फॉल बिहाइंड’ मात्र आपल्याला फुकटात मिळतं, आपणही अभ्यासात मागेच पडतो.

नियम न सांगता मेंदू रचना उचलतो, याचा पुरावा आर्थर रीबर यांनी १९६७ साली दिला. त्यांनी लोकांना काही अक्षरमाळा पाठ करायला दिल्या. त्या छुप्या नियमांनी बनवलेल्या होत्या, पण नियम सांगितले नव्हते. नंतर नव्या माळा दाखवल्या, तेव्हा कुठल्या नियमात बसतात आणि कुठल्या नाहीत हे लोकांनी नुसत्या अंदाजपंचे उत्तरांपेक्षा बरंच चांगलं ओळखलं. नियम काय, हे मात्र त्यांना नीट सांगता आलं नाही. मातृभाषेत आपली हीच स्थिती असते.

मग फक्त वाचत राहिलं की व्याकरण आपोआप येईल? माझ्या मते नाही, आणि त्याचं एक कारण डोळ्यांत आहे. वाचताना डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. इंग्रजी वाचणारा एका उडीत साधारण सात ते नऊ अक्षरं ओलांडतो आणि एका जागी सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा थांबतो. कीथ रेनर यांनी या हालचालींचा आयुष्यभर अभ्यास केला. अशा अभ्यासांतून दिसतं की आशय सांगणाऱ्या शब्दांवर डोळा बहुतेक वेळा थांबतो, आणि ‘अ’, ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ अशा छोट्या शब्दांवर निम्म्याहून कमी वेळा. सराईत वाचकाचं यात काही बिघडत नाही, त्याला ते शब्द न बघताही कळतात. शिकणाऱ्यालाही गोष्ट समजते, म्हणून तो पुढे जातो, आणि नेमके हेच शब्द त्याच्या लिखाणात चुकत राहतात.

‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीत, असं आपण म्हणतो. पण कहाणी आठवून बघा: आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक’, पुढे ‘त्या’. इंग्रजीतला ‘अ’ मुळात ‘एक’ या अर्थाच्या जुन्या शब्दापासूनच आलाय, आणि ‘द’ आलाय ‘तो-ती’ अशा दर्शक शब्दापासून. ‘आय मेट अ गर्ल इन द लायब्ररी. द गर्ल वॉज लॉस्ट टू.’ ही कहाणीचीच चाल झाली. फक्त आपण ‘एक’ आणि ‘तो’ पुष्कळदा गाळतो, इंग्रजी गाळू देत नाही. आणि लायब्ररीला पहिल्याच भेटीत ‘द’ का लागला? कारण कॉलेजातली ती लायब्ररी कुठली, हे वाचकाला ठाऊक आहे असं लिहिणाऱ्याने धरलंय. इथेही विषयाची ओळख उपयोगी पडते.

रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये असताना पोर्तुगीज शिकत होते आणि रोजनिशी ठेवत होते. पुढे ती रोजनिशी आणि स्वतःच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं ताडून बघताना त्यांना आढळलं की कितीतरी रूपं कानावर पडत होती, पण तोंडात आली ती मुख्यतः लक्षात घेतलेली रूपं. १९९० साली त्यांनी हाच मुद्दा सिद्धान्त म्हणून मांडला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. तरी वाचणाऱ्याला त्यातून एक कामाची गोष्ट मिळते: एक मजकूर दोनदा वाचायचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, न थांबता. दुसऱ्यांदा एकच रूप धरून, आज ‘यूज्ड टू’, उद्या ‘अ’ आणि ‘द’, पेन्सिलीने खूण करत. सगळ्या गोष्टी एकदम शोधायला गेलं की पुन्हा नुसती गोष्टच वाचली जाते.

आणि मग पान मिटायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत न बघता आठवून लिहिणारेच पुढे होते. तेव्हा वाचलेल्या मजकुरातल्या मुलाचा कॉलेजातला पहिला आठवडा आपल्या इंग्रजीत चार-पाच वाक्यांत लिहून बघायचा. ‘लिव्ह’ लिहू की ‘लिव्हिंग’ असं म्हणत हात थबकेल तिथे रेघ मारून ठेवायची, वाक्य पुरं करायचं, आणि पान उघडून सगळ्यात आधी तीच ओळ शोधायची.