ग्रीनलंडचा 97 टक्के बर्फ वितळला नव्हता

‘जुलै 2012 मध्ये ग्रीनलंडचा 97 टक्के बर्फ चार दिवसांत वितळला’ हा मेसेज अजूनही फिरतो. तसं झालं असतं तर जगभरचा समुद्र सुमारे 7 मीटर चढला असता! 97 टक्के हा आकडा क्षेत्रफळाचा आहे: 12 जुलैला तेवढ्या भागात बर्फाचा वरचा थर वितळू लागला होता, खाली बर्फ होताच, कुठे कुठे तर 3 किलोमीटर जाड.

हा बदल आधी दिसला तो आपल्या इस्रोच्या ओशनसॅट-2 उपग्रहावरच्या रडारमध्ये. कोरड्या बर्फातून रडारच्या लहरी परततात. जरासं पाणी मिसळलं की त्या शोषल्या जातात. हिवाळी सरासरीपेक्षा परतणारा सिग्नल साधारण 3 डेसिबलने घटला, म्हणजे निम्म्यावर आला, की ‘वितळण’ धरतात. पाणी किती, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय रात्री ते गोठलं तर उपग्रहाच्या त्या वेळच्या फेरीत दुपारचं वितळणं निसटतं. बर्फाचं वजन किती घटलं, ते तेव्हा ग्रेस उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून काढत.