तिघांपैकी दोघांच्या सह्या

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या चेकवर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्यापैकी कोणाही दोघांच्या सह्या लागतात. खजिनदार मी आहे. मे महिन्यात अध्यक्ष गावी गेले तरी लिफ्टवाल्याचं बिल अडत नाही, आणि मला एकट्याला खात्यातून रुपयाही काढता येत नाही. परमिशन्ड ब्लॉकचेन म्हणजे फक्त ओळखीच्या सभासदांची सामायिक नोंदवही, जिची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असते. तिथे मंजुरीचा नियम ठरवायचा म्हणजे हेच ठरवायचं: नोंद पक्की व्हायला कोणाकोणाची सही हवी?

बिटकॉइनच्या जाळ्यात कोणीही अनोळखी माणूस शिरू शकतो. परमिशन्ड ब्लॉकचेनमध्ये सभासद ओळखीचे असतात, प्रत्येकाकडे डिजिटल प्रमाणपत्र असतं. अशी जाळी उभारायला हायपरलेजर फॅब्रिक ही प्रणाली वापरतात, तिची १.० आवृत्ती २०१७ मध्ये आली.

वाशीच्या फळबाजारात असं जाळं आहे असं धरू. सभासद चार: रत्नागिरीचा एक बागायतदार संघ आणि तीन अडते. पेट्या रात्रभर ट्रकमधून येतात, पहाटे गाळ्यावर उतरतात, भाव फुटतो. बागायतदार मात्र तिकडे बागेत असतो. त्याच्या हाती येते ती पट्टी. किती पेट्या, काय भाव, हमाली किती, हातात किती.

आता ही पट्टी जाळ्यात नोंदवायची आहे. अडत्याचं अ‍ॅप आधी फक्त प्रस्ताव पाठवतं. नियमाप्रमाणे ज्यांची सही हवी त्यांचे संगणक तोच प्रोग्राम नोंदवहीच्या आपापल्या प्रतीवर चालवून बघतात: रवाना झालेल्या पेट्या आणि विकलेल्या पेट्या जुळतात का, वजावट ठरल्याप्रमाणे आहे का. अजून कोणी काही लिहिलेलं नसतं. उत्तर आलं की त्यावर सही होते. सह्या जमल्यावर व्यवहार क्रम लावणाऱ्या यंत्रणेकडे जातो. ती आतला हिशेब तपासत नाही, फक्त व्यवहार ओळीने ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, बसवते. मग प्रत्येक सभासदाचा संगणक स्वतः पाहतो की सह्या नियमात बसतात का, आणि मधल्या वेळात मूळ नोंद बदलली तर नाही ना. चूक निघाली तर व्यवहार ब्लॉकमध्ये राहतो, पण बाद असा शिक्का घेऊन. खात्यातला आकडा हलत नाही. अशी बाद ठरलेली पट्टीही पुसली जात नाही, आणि बागायतदाराच्या दृष्टीने मला हे फार मोलाचं वाटतं.

नियम मात्र आपणच लिहायचा असतो. काहीच सांगितलं नाही तर फॅब्रिक २.० पासून बहुमत धरलं जातं. ऐकायला लोकशाही वाटते. पण चार सभासदांत बहुमत म्हणजे तीन, आणि अडते तीनच आहेत! बागायतदार संघाच्या सहीशिवाय पट्टी पक्की होईल. उलट चौघांच्याही सह्या सक्तीच्या केल्या, तर एका गाळ्यावरची वीज गेली की सगळ्यांची कामं खोळंबतील. म्हणून किती सह्या यापेक्षा कोणाच्या, हे आधी ठरवावं. ज्यांचं हित एकमेकांविरुद्ध आहे, त्या दोघांच्या सह्या हव्यातच: बागायतदार संघाची, आणि तिघांपैकी कोणाही एका अडत्याची.

प्रत्येक नोंदीला वेगळा नियमही लावता येतो. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर आधी गॅमा किरणांची प्रक्रिया करावी लागते, किमान ४०० ग्रे मात्रेची. विकिरण केंद्र सभासद झालं, तर त्या लॉटच्या नोंदीला त्याची सही सक्तीची करावी. बाकीच्या पेट्यांना तिची गरज नाही.

दोन गोष्टी नियमाच्या हातात नाहीत. सही हिशेबावर होते; पेटीत तळाशी डागी आंबा आहे का, ते संगणकाला दिसत नाही. दुसरी मला जास्त सतावते. काही सोसायट्यांत अध्यक्ष कोऱ्या चेकबुकावर आधीच सह्या करून ठेवतात, मग 'दोघांच्या सह्या' नावापुरत्या उरतात. इथेही सोयीसाठी सगळ्यांच्या डिजिटल सही करायच्या गुप्त किल्ल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर ठेवल्या, तर तेच होतं. बागायतदार संघाची किल्ली संघाकडेच हवी.

आणि हा नियम पुढे बदलायचा कोणी? तिथेही फॅब्रिक मुळात बहुमतच धरतं, म्हणजे पुन्हा तेच तीन अडते. ही अट बदलून घेता येते, पण ती संघाने जाळ्यात शिरण्याआधी, पहिल्याच बैठकीत मांडायला हवी.