डिमेंशिया ओळखणारी पट्टी

‘एआय आता डॉक्टरच्या आधी डिमेंशिया ओळखणार’ छाप बातम्या आल्या की मला केंब्रिज विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ झोई कुर्त्झी आठवतात, कारण बाईंचं मूळ काम विसरण्यावर नव्हतंच. दिसलेल्या गोष्टीचं मेंदू काय करतो, हा त्यांचा विषय. शिक्षण ग्रीसमध्ये, पीएचडी अमेरिकेत, मग २००० साली नॅन्सी कॅनविशर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंसोबत त्यांनी दाखवलं की हालचाल सुचवणारा नुसता स्थिर फोटो बघितला तरी मेंदूतला हालचाल टिपणारा भाग कामाला लागतो. भारीच ना! पुढे जर्मनी, बर्मिंगहॅम आणि २०१३ पासून केंब्रिज.

आता प्रश्न असा, की थोडंफार विसरायला लागलेल्यांपैकी अल्झायमर, म्हणजे डिमेंशियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, नेमका कोणाला होणार? सगळ्यांना होत नाही. कुर्त्झींच्या टीमचा अल्गोरिदम (कॉम्प्युटरची गणिती पद्धत) आधी दोन नमुने बनवतो, एक स्थिर राहणाऱ्यांचा, एक घसरत जाणाऱ्यांचा. नमुना म्हणजे खरा माणूस नाही, आकड्यांनी ठरलेला बिंदू, त्यात स्मरणशक्तीच्या टेस्टचे मार्क आणि एमआरआयमध्ये दिसणारी ग्रे मॅटरची (मेंदूतल्या करड्या भागाची) झीज. नवा पेशंट कुठल्या बिंदूच्या जवळ आहे ते मोजायचं. पण मोजायचं कशाने? शाळेतल्या भूमितीने मोजलं तर सगळ्या आकड्यांना सारखंच वजन मिळतं, म्हणून अल्गोरिदम मोजपट्टीच डेटावरून शिकतो, कुठला अक्ष ताणायचा, कुठला आकसायचा, दोन आकडे एकत्र बदलले तर काय समजायचं, हे सगळं एका मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, बसतं. मग पेशंटचा बिंदू दोन नमुन्यांना जोडणाऱ्या दिशेवर प्रोजेक्ट केला, म्हणजे सावलीसारखा त्या रेषेवर पाडला, की हो-नाही ऐवजी एक आकडा मिळतो, माणूस घसरणीकडे किती सरकलाय त्याचा. मला सगळ्यात हेच आवडतं.

२०२४च्या पेपरात अमेरिकेतल्या ४००च्या वर लोकांच्या डेटावर शिकवून, मग आणखी ६०० अमेरिकन आणि ब्रिटन-सिंगापूरच्या मेमरी क्लिनिकमधले ९०० जण तपासले. तीन वर्षांत अल्झायमरकडे गेलेल्यांपैकी ८२ टक्के बरोबर ओळखले, न गेलेल्यांपैकी ८१ टक्के. म्हणजे पाचातला जवळपास एक चुकतोच, हे हेडलाइनमध्ये कोण लिहिणार!

आपल्याकडे एकतर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात, नाहीतर मेंदू तल्लख करणाऱ्या तेलाच्या बाटल्या आणतात. या मॉडेलने विसरायला लागलेल्यांचे तीन गट पाडले, साधारण ५० टक्के स्थिर राहणारे, ३५ टक्के हळूहळू घसरणारे, १५ टक्के झपाट्याने. स्थिर गटातल्या काहींचं विसरणं चिंता किंवा डिप्रेशनमुळेही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.