हिरा कठीण असतो, चिवट नसतो

"खरा हिरा हातोडीनं फुटत नाही, ठोकून बघा." नागपूरच्या इतवारी बाजारात अंगठी घ्यायला निघालेल्या माणसाला हा सल्ला घरातलं कुणी ना कुणी हमखास देतं. कृपा करून ठोकू नका. खरा हिरा हातोडीनं फुटतो, आणि फुटल्यावर तो खरा होता हे कळून काही उपयोग नसतो.

हिरा सगळ्यात कठीण, हे शाळेत शिकलोच आहोत. १८१२ साली जर्मन खनिजतज्ज्ञ मोहस यांनी मांडलेल्या काठिण्यश्रेणीत त्याला १० आणि माणकाला ९ अंक आहे. हे अंक फक्त क्रम सांगतात. प्रत्यक्षात हिरा माणकाच्या कितीतरी पट कठीण आहे. पण ही श्रेणी कोण कुणावर ओरखडा काढतं एवढंच मोजते. घाव सोसण्याशी तिचा संबंध नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

ओरखडा न घेणं म्हणजे कठीणपणा. तडा पुढे सरकू न देणं म्हणजे चिवटपणा. हिऱ्यात कार्बनचे अणू घट्ट जखडलेले असतात, म्हणून त्यावर चरा उमटत नाही. पण त्याच रचनेत चार दिशांची अशी प्रतलं आहेत, की त्यांवर नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. १९०५ साली सापडलेला ३,१०६ कॅरेटचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला पोलादी पातं ठेवून, वर घाव घालूनच फोडला गेला. उलट जेड हा शोभेचा दगड श्रेणीत जेमतेम ६-७ वर, पण त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की तो फोडताना घाम निघतो.

सुताराच्या पटाशीला हे दोन्ही गुण लागतात. तापवून लाल केलेली पटाशी पाण्यात बुडवली की पोलाद कठीण होतं, पण तशीच वापरली तर पहिल्याच गाठीला धारेचा टवका उडतो. म्हणून ती घासून चकचकीत करतात आणि पुन्हा हळूहळू तापवतात. पृष्ठभागावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढला की थांबायचं. थोडा कठीणपणा गेला, चिवटपणा आला.

रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगचा हिऱ्याशी संबंध लावणारेही भेटतात. ते नाव रुळांच्या चौकटच्या पानासारख्या आकाराचं आहे, बाकी काही नाही. रेल्वेच्या क्रॉसिंगला हिऱ्याचा स्वभाव परवडणारच नाही. तिथे चाकांचे घाव सोसणारं ओतीव मँगनीज पोलाद वापरतात. इंग्रज धातुतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ साली शोधलेल्या या पोलादात सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असतं. ते मुळात फार कठीण नसतं. घाव बसतील तसा वरचा थर कठीण होत जातो, आतला गाभा चिवट राहतो. नागपूरजवळच्या मनसर-कांद्रीच्या खाणींमुळे मँगनीज आपल्या ओळखीचं आहे, तरी ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं.

ही गल्लत जुनी आहे आणि शब्दांतच मुरलेली आहे. संस्कृतात वज्र म्हणजे इंद्राचं अभंग शस्त्र, आणि वज्र म्हणजे हिराही. ग्रीक 'अदमास' म्हणजे ज्याला नमवता येत नाही ते. आधी ते कल्पनेतल्या अभेद्य धातूचं नाव होतं, मग हिऱ्याला चिकटलं. इंग्रजीतले 'डायमंड' आणि हट्टी माणसाला लावतात तो 'ॲडमंट' दोन्ही त्यातूनच आले. रोमन लेखक प्लिनी यानं तर ऐरणीवर ठेवलेल्या हिऱ्यावर घाव घातला तर हातोडाच फुटतो, आणि तो मऊ करायला बोकडाचं ताजं रक्त लागतं, असं लिहून ठेवलं. हातोडीचा सल्ला देणारे आजही प्लिनीचंच सांगताहेत.



अंगठी रोज घालणार असाल तर टोकदार आकाराचा हिरा घेऊच नका. टोकाला टवका आधी उडतो. गोल घ्या, आणि कडेभोवती सोन्याची पूर्ण पट्टी असलेली बसवणी मागा. चार नख्यांवर उंच उचललेला खडा जास्त चमकतो हे खरं, पण ओट्याच्या ग्रॅनाइटवर त्याची कड आपटते तेव्हा ते १० अंक कामी येत नाहीत.