सगळी कुलुपं एकदम, नाहीतर एकही नाही

'लिनक्सवर गेम ६७८ टक्के वेगवान!' मार्च २०२५ मध्ये लिनक्स कर्नलची (या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) ६.१४ ही आवृत्ती आली तेव्हा हा आकडा बराच फिरला. आधी त्यातली हवा काढू. 'डर्ट ३' हा गेम सेकंदाला ११० फ्रेमांवरून ८६० वर गेला, पण ही तुलना साध्या वाइनशी होती. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा मधला थर. वाइनला आधीच वेग देणारे 'एफसिंक'सारखे जुगाड वापरणाऱ्यांना एवढा फरक दिसणारच नव्हता.

तरी 'एनटीसिंक' ही या आवृत्तीतली नवी सोय झकास आहे. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, चालतात. दोघांनी एकच माहिती एकदम बदलू नये म्हणून कुलूप लावतात. ते ज्याच्याकडे, तो पुढे, बाकीचे थांबतात. लिनक्सचं कुलूप चपळ: मेमरीतला एक आकडा बदलायचा, कुलूप मोकळं असेल तर कर्नलला विचारायचंही नाही. विंडोजमध्ये मात्र एक खास मागणी करता येते: 'या चौसष्टपर्यंतच्या वस्तू (कुलुपं वगैरे) एकदम मोकळ्या झाल्या तरच मला उठव, आणि उठवताना सगळ्या माझ्या ताब्यात दे.'

एकेक करून घेतल्या तर काय बिघडतं? लग्न ठरवून बघा. तुम्ही हॉल अडवलात, त्याच तारखेचा केटरर दुसऱ्यानं अडवला. तुम्ही केटररसाठी थांबलात, तो हॉलसाठी. दोन्ही लग्नं अडली.

वाइन हा निवाडा 'वाइनसर्व्हर' नावाच्या वेगळ्या प्रोसेसकडे सोपवायचं. प्रत्येक वेळी तिकडे हेलपाटा. एनटीसिंकनं हा निवाडा कर्नलमध्येच आणला. एरवी प्रत्येक वस्तूला आपलं छोटं कुलूप पुरतं. एखादा थ्रेड 'सगळ्या हव्यात' म्हणून थांबला, की त्याला हव्या असलेल्या वस्तूंवर खूण होते. खूण असलेल्या वस्तूला हात लावणाऱ्यानं आधी एक मोठं सामायिक कुलूप घ्यायचं. ते हातात असताना सगळ्या वस्तू तपासायच्या. सगळ्या मोकळ्या असतील तर एका दमात ताब्यात, नाहीतर एकीलाही हात नाही.

विंडोजची 'पल्सइव्हेंट' ही हाकही एनटीसिंकमध्ये आहे. ती त्या क्षणी थांबलेल्यांनाच उठवते आणि विरून जाते. ती भरवशाची नाही, वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय. पण जुने प्रोग्रॅम ती मारतात, म्हणून एनटीसिंकमध्ये तिच्यासाठी वेगळी आज्ञा ठेवावी लागली.