इंदूरवाल्यांचं 'गाव' जेजुरीला कसं?

आमच्याकडे इंदूरला मराठी घरात लग्न ठरलं की हॉल बघायच्या आधी चर्चा सुरू होते ती कुलदैवताला कधी जायचं याची. कुणाचं जेजुरी, कुणाचं तुळजापूर, कोकणस्थ असले तर थेट गुहागरचा व्याडेश्वर. तिकडे ना घर, ना शेती, ना ओळखीचं कुणी, तरी म्हणायचं काय तर "गावाला जाऊन येतो". शेजारचे हमखास विचारतात, भिया तुम तो यहीं के हो ना?

इथलेच आहोत, पण 300 वर्षांपासूनचे.

इंदूरच्या होळकर घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव होळकर 1693 मधे जेजुरीजवळच्या होळ गावात जन्मले, आडनावही त्या गावावरूनच पडलं. वडील लवकर गेले म्हणून आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे आली, म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव तर लहानपणीच सुटलं होतं. पुढे पेशव्यांनी माळव्यात, म्हणजे इंदूरच्या भागात, सरंजाम (जहागीर) दिला आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भटजी, आचारी असा सगळा लवाजमा इकडे आला. येताना प्रत्येकाने देवघरातले टाक (देवाचे छोटे धातूचे ठसे) बरोबर आणले, देव मात्र तिकडे डोंगरावरच राहिला.

इंदूरच्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं, म्हणजे जेजुरीच्या खंडोबाचंच, देऊळ आहे, म्हणजे दर्शनाची सोय घरातच होती, तरी होळकरांनी जेजुरी सोडली नाही. गडाचं बरंच बांधकाम त्यांचं, खाली तलाव त्यांचा. माळव्यात कमावलेलं कुलस्वामीच्या पायाशी नेऊन ठेवायचं, हा रिवाज राजापासून सुरू झाला आणि मग कारकुनाच्या घरातही तेच, फक्त तलावाऐवजी नारळ आणि खोबरं-भंडारा.

पण जाणं सोपं नव्हतं हो, नर्मदा उतरा, सातपुडा ओलांडा, ते पण बैलगाडीने, त्यामुळे आयुष्यात एकदा झालं तरी खूप. खरा फरक पडला रेल्वेने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मधे इंग्रजांना 1 कोटी रुपये कर्ज दिलं, 101 वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने (राजाने सरकारला कर्ज दिलं, उलटं नाही!), त्यातून खंडवा-इंदूर मीटरगेज झाली आणि खंडव्याला गाडी बदलली की मुंबईची लाइन. जुनी माणसं त्या प्रवासाचं सांगायला लागली की देवाच्या आधी कालाकुंड स्टेशनवरचा पानात बांधलेला कलाकंद येतो. आता काय, संध्याकाळी स्लीपर बसमधे चढा, सेंधव्याचा घाट झोपेतच जातो, सकाळी पुणं.

आजीला मी एकदा विचारलं होतं की एवढं लांब जाऊन मागतेस काय, तर म्हणाली मागायला आपला खजराना गणपती आहे की, तिथं उलटं स्वस्तिक काढून यायचं, जेजुरीला मागायचं नसतं, बरं चाललंय एवढं सांगून यायचं.

आणि टाक न्यायचे. लाल फडक्यात गुंडाळलेले, पर्समधे, सामानात अजिबात नाही. गडावर ते देवाला भेटवायचे, तळी भरायची, येळकोट म्हणायचं आणि परत बांधून आणायचे. घरी आल्यावर आई ते चिंच लावून घासते तरी खंडोबाच्या घोड्याच्या पायांमधे भंडारा अडकून राहतो, पार दिवाळीपर्यंत.